प्रेमराजच्या डांबरातलं डिझेल

३ मार्च, सकाळी १०
देवपूरच्या आमच्या लॅबमध्ये शिरपूरकडच्या रस्त्याचं डांबर तपासायला आलं. ठेकेदाराला संशय : भट्टीवरचा प्रेमराज डांबरात डिझेल मिसळतो आणि वाचलेलं डांबर बाहेर विकतो. घटक वेगळे करून दाखवणारं मशीन, क्रोमॅटोग्राफ, माझ्या हातात आहे. चोर सुटत नाही.
संकल्प : एकही टप्पा गाळायचा नाही.

४ मार्च
नमुन्याच्या बाटल्यांना चिकटलेलं जुनं डांबर निघेना. धुवायचं टोल्युइन संपलंय, मागवणार कोण? जनरेटरचं डिझेल घेतलं, त्याने धुतल्या, वरून साबण. चकाचक! डोकं लागतं.
ज्युनियर संघमित्रा म्हणाली, सर, आधी नुसतं सॉल्व्हंट चालवून ब्लँक घेऊ, बाटल्या स्वच्छ आहेत की नाही ते कळेल. म्हटलं, उद्या. फॉर्मवर 'ब्लँक घेतला : होय' लिहून टाकलं. घेणारच तर आहे.

६ मार्च
सापडलं! डांबराचे जड घटक मशीनमधून रेंगाळत शेवटी येतात. इथे आलेखावर सुरुवातीलाच हलक्या घटकांच्या पीक्सची, म्हणजे टोकांची, रांग. डिझेलच! संघमित्राचं पालुपद तेच, ब्लँक. जळतात लोक.

७ मार्च
प्रेमराज स्वतः आला. म्हणाला, "पंधरा वरीस व्हयनात साहेब, मी कधी भेसळ नही करी." टेबलावरची रिकामी बाटली उचलून हुंगली. "साहेब, हाई बाटलीले डिझेलना वास ई ऱ्हायना." आता मशीनपेक्षा याचं नाक मोठं! बाहेर काढलं. तीनला रिपोर्ट रवाना.

१० मार्च
प्रेमराजचं काम गेलं. पोलिसात तक्रारही झाली. सकाळपासून समोरच्या निंबाखाली बसलाय. नुसता इकडे बघतो. खिडकी लावून घेतली. उकडतंय. रिपोर्ट बरोबरच आहे.

१२ मार्च
अजून तिथेच. जेवण गेलं नाही. ॲसिडिटी असणार. ब्लँक सोमवारी घेईन, संघमित्राच्या समाधानासाठी.

१७ मार्च, दुपारी
निंबाखाली कुणी नाही. हायसं वाटलं. त्याच आनंदात ब्लँक लावला. बाटलीत नुसतं सॉल्व्हंट, डांबराचा थेंब नाही.
सुरुवातीलाच तीच रांग.
तीनदा लावला. संघमित्राने बाटली हुंगली आणि माझ्यापुढे ठेवली.
ठेकेदाराला फोन केला. म्हणाला, प्रेमराजला शनिवारीच पोलिसांनी नेलं, तुमच्या रिपोर्टमुळे फार सोपं झालं.
चौकीत जाऊन सांगायला हवं. जातो. तासभर झाला, फॉर्मवरचं ते 'होय' बघत बसलोय. अक्षर माझंच. सुवाच्य.