सुई अडकते ती जागा

५ जानेवारी, रविवार
आजपासून रोज मगरिबच्या नमाजनंतर तासभर टर्नटेबल. ब्लूटूथ स्पीकर पोरीला, जोयाला, परत देणार. मोबाईलवरच्या गाण्याला अंगच नसतं. हुस्नाबानो गेल्यापासून लोकांना वाटतं मी खचलो. बायको गेली की नवरा खचतो, हा लोकांचा फॉर्म्युला. मी फक्त गाणी ऐकतो. खुर्ची स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून ठेवली आहे. तिथे साउंड बरा लागतो.

८ जानेवारी
जुनी तबकडी दुसऱ्या कडव्यावर अडकते. तीच ओळ पुन्हा पुन्हा. आधी बांगडी आपटावी तसं 'खट्' होतं. हुस्ना होती तेव्हा अडकत नव्हती. पुढचे शब्द आठवत नाहीत, पण अडकत नव्हती हे नक्की. सुई उचलायला उठावं लागलं. उठलोच होतो, तर जेवून घेतलं.

१२ जानेवारी, रविवार
कामरगावातल्या दर्दी लोकांसाठी बैठक ठेवली. आला एकटा लखीराम, तोही तांड्याकडची जीप चुकली म्हणून. त्याला रेकॉर्डच्या आवाजातली ऊब समजावली. म्हणाला, ऊब पाह्यजे तं शेकोटी पेटव ना भाऊ. तेवढ्यात खट्. लखीराम स्वयंपाकघराकडे बघत राहिला. म्हणाला, मुनाफभाई, तुले कोनीतरी उठवून राह्यलं. चहा अर्धा टाकून गेला. मी असलं काही मानत नाही. स्वयंपाकघरातला दिवा चालू ठेवला, उंदरांसाठी.

१५ जानेवारी
नवी सुई लावली. टर्नटेबलखाली पुठ्ठा घातला. तरी खट्, त्याच जागी. आज मी आधीच दाराकडे बघत होतो. फॉल्ट शोधायचा म्हणजे लक्ष ठेवावंच लागतं.

१७ जानेवारी
कारंज्याला एजाज घड्याळवाल्याकडे तबकडी नेली. भिंगातून बघत, टाचणीने त्याने ती रेघ मोकळी केली. झालं! उद्या-परवा जोयाला अकोल्याहून बोलावतो. बापाचा हट्ट काय असतो ते बघू दे तिला.

१९ जानेवारी, रविवार
जोया आली. गाणं शेवटपर्यंत वाजलं. मी टाळी वाजवली. पोरगी रडत होती. म्हणाली, अब्बा, त्याच जागी तं अम्मी येत होती. पिठाच्या हातानं सुई उचले, म्हने उठा, भाकर गार होऊन राह्यली. बांगडी घासे तबकडीवर. तो ओरखडा अम्मीचा होता. तुमी डोये मिटून बसत होते, तुमाले काय दिसते?
मी म्हणालो, टेक्निकली आता बेस्ट आहे.

२० जानेवारी
आज गाणं संपलं. सुई शेवटच्या रेघेत सरसर फिरत राहिली. मी उठलो नाही. जेवलो नाही.

२१ जानेवारी
खिळ्याने ओरखडा काढून पाहिला. खिळा घसरला. आता पहिल्याच ओळीला अडकते. हुस्ना इतक्या लवकर कधीच बोलवत नव्हती. तेव्हा तर पीठसुद्धा मळून झालेलं नसायचं.