शिकंज्यातले सिंह

१५ नोव्हेंबर १९५७

बाबांचं डोकं फिरलं! एप्रिलपासून नवे पैसे निघाले अन् घरात भिंग आलं. अक्षर जरा पुसट दिसलं की ओरडतात — "टांकसाळीची चूक! लाखात एक!"

चूक कसली? ठसा झिजला की त्याखालून सारीच नाणी पुसट निघतात. किराणावाल्याकडे परातभर सापडतील. तसं सांगितलं तर — "तुले काय समजते वं!"

जावईही नाण्यातलं कळणाराच पाहिजे म्हणे. परवा कामठीचं स्थळ मले पाहायले येऊन राहिलं.

१७ नोव्हेंबर

पोहे झाले. बाबांनी पुसट पैसा पुढे केला. मुलगा — "वा! अद्भुत!" अन् भिंग डोळ्यापासून हातभर लांब! बाबा खूश. मी मेली!

मी गोष्टी लिहिते; उद्या हा माझ्या पूर्णविराम नसलेल्या गोष्टीलेही अद्भुत म्हणेल — न वाचता. त्यापेक्षा मासिकवाल्यांचं 'साभार परत' परवडलं.

२० नोव्हेंबर

कामठीवाल्यांचा नकार आला, बाबा म्हणाले. हा तिसरा. आई देवाजवळ बसून रडली. मी संत्री खाल्ली.

२१ नोव्हेंबर

आता कृष्णकांत नावाचं स्थळ. बँकेत आहे, सीताबर्डीले. यावेळी परीक्षा मी घेणार!

बाबांच्या सायकलदुरुस्तीच्या शिकंज्यात दोन पैसे समोरासमोर ठेवून करकचून आवळले. एकाचे सिंह दुसऱ्याच्या आकड्यावर उमटले — उलटे, खोलगट! खरी चूक अशीच दिसते. ठोकलेलं नाणं ठशालेच चिकटून राहते अन् पुढच्यावर आपली छाप सोडते. पण खऱ्याची मागची बाजू ठसठशीत असते. माझ्याची पार चेपली. डोळे असणाऱ्याले दिसेलच.

ते नाणं बाबांच्या पैशांच्या डबीत ठेवून दिलं. संध्याकाळी बाबा नाचले! "सिंह उलटे निघाले वं!" हसू दाबून पोट दुखलं.

२३ नोव्हेंबर

अन् हाही 'वा' म्हणाला तर? झोप नाही.

२४ नोव्हेंबर

कृष्णकांतनं नाणं पाहिलं. पालटलं. मागून अंगठा फिरवला. पोहे खाऊन राहिला.

त्याची आत्या — "विचार ना गा मुलीले काही! स्वयंपाक, शिवण —"

तो मले म्हणतो, "घरात शिकंजा आहे का?"

मी चहाचा ट्रे खाली ठेवला.

"हे काय विचारून राहिला गा!" — आत्या.

"आहे," मी म्हटलं. "गंजलेला आहे."

बाबा भिंग पुसत होते. किती पुसावं!

२५ नोव्हेंबर

बाबांनी माझ्या हातावर एक पैसा ठेवला. त्याचे सिंह चपटे. दुसरा पैसा! "शिकंज्यातच विसरली होती तू."

म्हणजे ते नाचणं —!

"अन् त्या तिघांचा नकार आला नव्हता वं. मी दिला. झिजल्या ठशाले अद्भुत म्हणणाऱ्याले पोरगी द्यायची काहून?"

मग हळूच — "याले काय कळवू?"

कळवा, म्हटलं. शिकंजा मी सोबत नेणार.