बाजारच्या दिवशी एक पुडी

रहिमतपूर,
२४ जानेवारी २०२५

प्यारी बेटी आयेशा,
अब्बाची दुआ.

इकडे सगळे खुशाल. शेळीला दोन करडं झाली. मी परवा औंधच्या बाजारात बांगड्यांची पेटी मांडून तासभर बसलो. मग तुझ्या अम्मीनं ओढून घरी आणलं, ते सोड.

कॅल्शियम उतरतंय. डॉक्टर म्हणाले, ड जीवनसत्त्वाची पावडर हाडांसाठीच असते, पण अती झाली की रक्तात कॅल्शियम चढतं. ती तहान, त्या उलट्या, गिऱ्हाइकाच्या हातात भलत्याच मापाची बांगडी चढवणं, सगळं त्याच्यामुळं. अंगात साठलेली पावडर कमी व्हायला अजून काही आठवडे जातील. मूत्रपिंडं वाचली, शुकर आहे.

आता फोनवर जमलं नाही ते लिहितो.

दवाखान्यात मी सांगितलं, "आयेशा म्हणाली, बाजारच्या दिवशी एक पुडी घ्या. माझे आठवड्यात सहा बाजार!" सगळे हसले. तुझा भाऊ शाहनवाज हसला नाही. त्यानं तिथूनच तुला फोन लावला, "औषधाच्या दुकानात काम करतीस आन् बापाला धड सांगता येत न्हाई व्हय?" मी कॉटवर पडून ऐकत होतो. गप्प राहिलो.

बेटी, तू असं कधी म्हणालीच नव्हतीस. खोक्यावर तू निळ्या पेनानं लिहिलं होतंस, "आठवड्यातून एकच. रविवारी." मी ते रोज वाचायचो. तुझ्या पुड्या संपल्यावर दुसऱ्या दुकानातून आणल्या. गुडघे धरले होते आणि शाहनवाज बाजार बंद करा म्हणत होता. मला भीती वाटली. वाटलं, जास्त घेतल्या की लवकर उभा राहीन. जोर लावला की बांगडी फुटते, हे चाळीस वर्षं बायकांना सांगणारा मी!

तू दुकान सोडणार, हे अम्मीनं सांगितलं आणि मी ताटावरून उठलो. काल ते खोकं शाहनवाजपुढं ठेवलं. त्यानं दोनदा वाचलं. म्हणाला, "अब्बा, लय वंगाळ केलंत." व्हय म्हटलं.

हे पत्र घेऊन तोच आलाय. माफी मागेल. थोडा वेळ दारात उभा ठेव, मग आत घे.

दुकान सोडू नकोस. माझ्यासारखे शहाणे तिथं रोज येत असतील. त्यांच्या खोक्यावर असंच लिहीत जा. एखादा तरी ऐकेल.

तुझं अक्षर वाचूनही न ऐकलेला, आणि आता दर रविवारी तुझ्या फोनची वाट बघणारा,
तुझा गुन्हेगार अब्बा,
बादशहा