आबांचं नामपूरला परत जाणं

आबा, ज्या धड्यामुळे तुम्ही या लेकीचं घर सोडून गेलात, तो आज वर्गात पुन्हा शिकवला.

तुमच्या हृदयाचं ऑपरेशन झालं म्हणून मी तुम्हाला नामपूरहून नाशिकला, इंदिरानगरच्या माझ्या फ्लॅटवर आणलं होतं. तिकडे तुम्ही जन्मभर गुरांचे डॉक्टर होतात. इकडे वेळेवर गोळ्या, बिनमिठाची भाजी आणि टीव्ही. त्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरातच दुसऱ्या दिवशीच्या तासाची तयारी करत होते, तुम्ही समोर मेथी निवडत होतात. "काय शिकवणार उद्या?" तुम्ही विचारता. मी सांगते, जुन्या ग्रीक लोकांना प्रश्न पडला होता, की माणसाने जगायचं कशासाठी? त्यांच्यातला एक तत्त्वज्ञ म्हणायचा, सुख म्हणजे आराम नव्हे, मौजही नव्हे. डोळ्याचं काम पाहणं, तसं माणसाचंही एक काम असतं. आपल्यात जे चांगलं आहे ते समजून उमजून वापरत राहणं, आणि तेही आयुष्यभर. तेच सुख.

तुमचा हात थांबला. "मग मला इथं कशाला बसवून ठेवलंय?"

"आबा, ते पुस्तकातलं आहे. तुमचं हृदय पुस्तकातलं नाहीये."

"म्हणजे पोरांना खोटं शिकवती का तू?"

मी चिडले. "जा मग," म्हणाले. तुम्ही उरलेली मेथी निवडलीत, आणि त्याच आठवड्यात गावाकडे जायला सटाण्याची बस धरलीत.

बरेच दिवस मी फोन केला नाही. शेवटी राहवेना, एका रविवारी आले. घराला कुलूप. शेजारणीने गोठ्याकडे बोट केलं, "गाय अडेल शे." तुम्ही शेणात गुडघे टेकून बसला आहात, हात खांद्यापर्यंत माखलेला. दोर ओढायचं जोराचं काम दोघा गड्यांना दिलंय, तुम्ही फक्त आत चाचपून वासराचे पाय सरळ करताय आणि गायीशी बोलताय, "दमानं बाय, झालंच आता." वासरू बाहेर आलं. त्याचं नाक पुसताना तुम्हाला मी दिसले. "लय थकलेली दिसतेस," म्हणालात. "चहा घेऊ चल." भांडायचं ठरवून आले होते, पण ते तिथेच राहिलं.

त्यानंतर काही वर्षं गेली. एका दुपारी जेवून आडवे झालात, ते उठलाच नाहीत. भाऊ अजून म्हणतो, नाशिकला ठेवलं असतं तर जगले असते. असेलही.

आज एका मुलीने विचारलं, "मॅडम, असं जगताना माणूस लवकर गेला, तरी त्याला सुखी म्हणायचं?" मी लगेच हो म्हणाले. मनापासून म्हणाले.

हे कुणाला पाठवायचं नाही, म्हणून पुढचंही लिहिते. तुम्ही सुखी होतात, हे मला पटलंय. तरी निवड माझ्या हातात असती, तर मी तुम्हाला कंटाळलेले, माझ्यावर धुसफुसणारे, पण जिवंत निवडलं असतं.