आडव्या रेघेचा ससा

बाबा, तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली आणि आज मी तुम्हाला एका सशाबद्दल लिहिते आहे. आईच्या हाती लागू नये म्हणून ऑफिसात बसून लिहिते आहे.

दुबईशेजारच्या अजमानच्या गोडाऊनमध्ये तुम्ही स्टोअरकीपर होता. जपानी कापडाचे तागे यायचे. प्रत्येक गिरणीची खूण वेगळी, कुणाची बगळा, कुणाची कासव, कुणाची ससा. दर वेळी गठ्ठा फोडून बघावा लागू नये म्हणून तुम्ही लेबलांवरची ती अक्षरं गिरवून गिरवून शिकलात. आठवीत शाळा सुटलेला माणूस दुबईत, करामातल्या आपल्या किचनमध्ये परातीतल्या पिठात बोटानं 兎 काढून आईला दाखवायचा. "वर आडवी रेघ, खाली डोकं, मग पाय. आणि हे टिंब म्हणजे शेपूट." आई म्हणायची, "आता त्याच सशाच्या भाकऱ्या खा."

मी दहावीत होते ते वर्ष चिनी पंचांगाप्रमाणे सशाचं होतं. खालच्या ग्रोसरीवाल्यानं एक चिनी कॅलेंडर दिलं, त्यावर लालभडक मोठं 兔. त्याची वरची रेघ आडवी नव्हती, तिरकी होती, आकड्यासारखी वळलेली. ते रोज बघून तुमचा ससा चुकलाय हे मी मनाशी पक्कं करून टाकलं.

सुट्टीत तुम्ही मला पॅकिंग लिस्ट टाइप करायला गोडाऊनला न्यायचात. त्या दिवशी मॅनेजर एका चिनी सप्लायरला घेऊन आला आहे. तुम्ही हौसेनं त्याला रॅकपाशी नेता, मार्करनं लिहिलेल्या पाट्या दाखवता. "सर, ये मैंने लिखा है. रॅबिट." तो पाटी बघतो, हसून मान डोलावतो. आणि मी खुर्चीतून मोठ्यानं म्हणते, "बाबा, दॅट्स राँग. वरची लाइन स्लँटिंग असते."

मॅनेजर खो खो हसला. "हबीबी, अब बेटी से सीखो!" तुम्हीही हसलात. मग दुपारभर स्टुलावर चढून सशाची एकेक पाटी उतरवलीत आणि इंग्रजीत रॅबिट लिहून परत लावलीत.

परत येताना व्हॅनमध्ये तुम्ही एवढंच म्हणालात, "चूक असली तर सांगावी. पण घरी सांगायची, बाळा. तिथे मी कामाला जातो."

"बट यू वेअर राँग."

"असेन," तुम्ही म्हणालात. पिठात पुन्हा कधी काही काढलं नाहीत.

गेल्या महिन्यात आईच्या बॅगेतून तुम्ही आणलेला एक पीस निघाला, लेबलासकट. मी तो ऑफिसातल्या जपानी सहकारी बाईंना दाखवला. "उसागी," त्या लगेच म्हणाल्या, "ससा." मी म्हटलं, हे अक्षर चुकीचं छापलंय ना? त्यांनी कागदावर दोन्ही ससे काढले. चीनमध्ये तिरक्या रेघेचा, आमच्याकडे जपानमध्ये आडव्या रेघेचाही लिहितात, दोन्ही बरोबर, त्या म्हणाल्या. मी कागदाची घडी करून पर्समध्ये ठेवली आणि मीटिंगला गेले. मीटिंगमधलं काहीही आठवत नाही. त्या चिनी माणसाला बहुतेक ठाऊक असणार. तो उगाच मान डोलावत नव्हता.

आई तो किस्सा अजूनही माझी हुशारी म्हणून सांगते. परवा नातवाला सांगत होती, "तुझ्या आईनं आजोबांची चूक पकडली होती, सगळ्यांसमोर." त्यानं मला विचारलं, "रिअली, ममा?"

मी हो म्हटलं.