खाली म्हणजे खडा

४ फेब्रुवारी

आलो बाई एकदाच्या! सामान अजून खोक्यांतच आहे, गॅस यायचाय, नळ उघडला की आधी खोकतो मग थुंकतो. पण घर झकास. सगळ्यात वरचा मजला, दोन खोल्या, आणि बाल्कनीत चिमण्यांचा नुसता कल्ला. माझी चिमणी, वय वर्षं पाच, आल्या आल्या त्यांच्याशी भांडायला लागली, की चिमणी मी आहे, तुम्ही कोण? तिचे बाबा गेल्यापासून इतकी मोकळी हसली नव्हती. आता आम्ही दोघीच. ही नोकरी टिकली की आमचं कुणावाचून अडत नाही.

शेजारच्या काकूंनी शाळा सुटल्यावर तिला सांभाळायचं कबूल केलंय. त्यांचा मुलगा तिच्याच वर्गात आहे. काकूंचं तोंड फटकळ, पण माझं तरी कुठे गोड आहे? जमेल आमचं.

६ फेब्रुवारी

आमची कंपनी अंतराळात उडायचा खेळ बनवते. घरी खुर्चीत बसून यान चालवायचं, हव्या त्या ग्रहावर उतरायचं. खोटं काही नाही, आकाशात जे जिथे आहे ते या क्षणी खेळातही तिथेच असतं, अशी जाहिरात आहे. बाकीच्यांच्या वाट्याला ग्रहांभोवतीची कडी, वादळं, ज्वालामुखी. मी नवी, म्हणून मला एका राक्षसी ग्रहाचा बारकासा चंद्र. दिसायला आल्याचा तुकडा. कागदावर त्याला नुसता आकडा आहे, ऑफिसात सगळे त्याला खडा म्हणतात.

शेजारच्या टेबलावर झिपऱ्या बसतो. केसांवरून पडलेलं नाव, त्याला राग नाही. त्याने समजावलं की ग्रहाचे मोठे चंद्र घरचे असतात, त्याच्याबरोबर जन्मलेले. खडा घरचा नाही. आपल्या वाटेने चालला होता, ग्रहाने ओढून घेतला, तेव्हापासून उलटा फिरतो. मी म्हटलं, म्हणजे दत्तक. तो म्हणाला, दत्तक कसला, पळवून आणलेला. त्याच्या अंगी ओढ इतकी कमी, की माणसाने उडी मारली तर परत यायचा नाही. त्याच्याकडे काही टिकतच नाही.

रडगाणं असं, की खड्यावर यान उतरलं की घसरतं. गोल चेंडूवर खाली म्हणजे कुठे ते कॉम्प्युटरला कळतं. या वेड्यावाकड्या ढेकळावर कळत नाही. साहेबांनी माझ्या कपाळाकडे बघत सांगितलं, आठवड्यात जमवा, नाहीतर दुसरीकडे बघा. गोड माणूस.

११ फेब्रुवारी

जमलं! युक्ती झिपऱ्याची. खड्यावर एक बाहुली उभी करायची, तिला नाव द्यायचं आणि कॉम्प्युटरला सांगायचं, हिच्यासाठी खाली म्हणजे खडा. बाकी सगळं तिच्यावरून मोजायचं. नावाच्या चौकटीत एकच शब्द मावतो, आणि ती रिकामी सोडता येत नाही. म्हटलं बघू खडा टाकून, आणि तोंडात आला तो शब्द घातला. चिमणी.

यान असं चिकटलं, की हलवून हलेना. मी खुर्चीत बसल्या बसल्या टाळ्या पिटल्या. साहेब म्हणाले, हं. त्यांच्या भाषेत ही शाबासकी असावी. झिपऱ्याने मात्र नाव दोनदा वाचलं. म्हणाला, घरचं नाव कशाला घातलंस? मी म्हटलं, म्हातारबुवा, कामाला लागा.

१४ फेब्रुवारी

चिमण्या गेल्या.

सकाळी कठड्यावर ओळीने बसल्या होत्या. मी चहा घेऊन उभी होते. पहिली गेली, मग दुसरी, मग सगळ्या. उडून नाही. पंख मिटलेलेच होते. विहिरीत दगड पडावा तशा वर पडल्या, आणि दिसेनाशा झाल्या. कबुतरं जागची हलली नाहीत.

काकू म्हणाल्या, अख्ख्या वस्तीत एक चिमणी उरलेली नाही, सगळा त्या मोबाईलच्या टॉवरचा प्रताप. मी मान डोलावली. जे पाहिलं ते सांगितलं असतं, तर पहिल्याच महिन्यात वेडी ठरले असते.

१६ फेब्रुवारी

रविवार. चिमणीची वेणी घालत होते. सोडली, तर खाली पडेना. आडवीच राहिली, खिडकीच्या दिशेने. मी हाताने खाली दाबली. परत आडवी. चिमणीला कोण मजा वाटली.

दुपारी तीच वेणी छताकडे उभी. जेवताना सारखी ताटावरून उठत होती. रागावले, तर म्हणाली, मी नाही उठत, मला खाली ओढतंय. बोट मात्र वर दाखवत होती. संध्याकाळी दुसऱ्या भिंतीला टेकून बसली. अंधार पडल्यावर सगळं जिथल्या तिथे.

ताप नाही. जीभ बघितली, डोळे बघितले. काय बघायचं असतं अशा वेळी?

१८ फेब्रुवारी

शाळेतून फोन. धावत गेले. मधल्या सुट्टीत चिमणी मैदानावरून उचलली गेली. काकूंच्या मुलाने पाय धरला म्हणून! शिपायाने आणि दोन बाईंनी मिळून तिला वर्गात ओढून आणलं, तेव्हा ती छताला जाऊन बसली. बसली म्हणजे मांडी घालून. तिच्या दृष्टीने ती जमीनच. डबाही तिथेच उघडला, हातात धरून पोळी खाल्ली. हातातून सुटला तेव्हा कुठे डबा खाली आला.

मोठ्या बाईंना माझ्या पोरीची काळजी नव्हती. बाकीची मुलं घाबरतात म्हणाल्या, घेऊन जा, पुन्हा आणू नका. येताना तिला पोटाशी ओढणीने बांधली आणि भिंतींच्या कडेकडेने चालले. लोक रस्ता सोडून पलीकडे जात होते. घरी आलो तर काकूंनी दार लावून घेतलं. आतून म्हणाल्या, आमच्या घरात पोरंबाळं आहेत. मग माझ्या पोटाशी काय आहे, गाठोडं?

१९ फेब्रुवारी

चिमणीला घेऊन ऑफिसात गेले. तिला टेबलाच्या पायाला बांधलं आणि खेळात खड्यावर उतरले. बाहुलीच्या पायाशी करड्या मातीवर तपकिरी ठिपके होते. मी ते केले नव्हते. जवळ जाऊन बघितलं.

चिमण्या. शेकड्यांनी. पंख मिटून, चोची मातीत. आणि मधोमध थोडी जागा साफ केलेली, पाच वर्षांचं पोर कुशीवर निजेल एवढी.

झिपऱ्याने पाहिलं. त्याने साहेबांना सांगितलं, काढून टाका तो चंद्र. साहेब माझ्या कपाळाला म्हणाले, लोकांना आवडलाय, तो राहणार, आणि घरच्या भानगडी घरी ठेवा. झिपऱ्या बॅग घेऊन चालता झाला. जाताना एवढंच सांगून गेला, की तो ग्रह सध्या सूर्याच्या मागोमाग उगवतो आणि संध्याकाळी मावळतो. भर दुपारी डोक्यावर असतो. उजेडात दिसत नाही, पण असतो.

म्हणजे रात्र आपली. वैरी दिवसच.

२१ फेब्रुवारी

खिडक्यांना फळ्या ठोकल्या. दिवसा ती छतावर खेळते, मी खाली उभी असते, मान वर करून. काल हळूच टेकायची. आज पडते. धप्पकन. गुडघा फुटला, रक्त वर ठिबकलं.

ओढ वाढतेय. छताचा गिलावा तडकलाय. तिच्याभोवतीच. वर नुसते पत्रे आहेत, आणि पत्र्यांच्या वर—

चिमणी म्हणते, खाली कुणीतरी अंथरूण घातलंय.

२२ फेब्रुवारी

ऑफिसचा लॅपटॉप घरी आहे. चौकट उघडली. चिमणी पुसलं, दगड लिहिलं. घेतलं नाही, परत चिमणी. टेबल. परत चिमणी. झुरळ. परत. तिच्या बाबांचं नाव लिहिलं, देवा, तेही लिहिलं. परत चिमणी.

हाकेला ओ देणारं कुणीतरी हवंय त्याला. मेलेलं चालत नाही, मुकं चालत नाही.

दुसऱ्या कुणाचं नाव घालू? साहेब असा शब्द बोटांपर्यंत आला होता, खोटं कशाला बोलू. पण त्यांच्याही घरी कुणीतरी रडेल. नाही घातला.

मग माझं घातलं, कागदावरचं. घेतलं नाही. बरोबरच आहे. त्या नावाने हाक मारणारं माणूस उरलंय कुठे? इथे मी मॅडम, नाहीतर चिमणीची आई.

चिमणीची आई. तेही लिहून पाहिलं. दोन शब्द मावत नाहीत.

२३ फेब्रुवारी, सकाळ

पत्रे वाजायला लागलेत. ग्रह चढतोय. चिमणी भिंतीवर आहे, वर सरकतेय, आणि ओरडतेय— आई, आई, आई—

मला हाक मारणारी जगात हीच एक. आणि हाक ही एवढीच.

लिहिलं. आई.

घेतलं! पहिल्या झटक्यात घेतलं. चिमणी जमिनीवर आली. पाय टेकले तिचे. मुके घेतले, किती घेतले. शेजारी फोन केला, काकूंच्या हातापाया पडले, पोरीला आत घ्या. येते म्हणाल्या. मी—

माझे पाय—

२३ फेब्रुवारी

छतावर आहे. लिहिता येतंय. वही हातात होती म्हणून आली.

चिमणी सुखरूप. दार उघडंय. काकू येतील आणि तिला—

काकूंचा मुलगा ओरडतोय. जिन्यात. आई, आई, खाली ये.

खालच्या मजल्यावरही कुणीतरी. समोरच्या इमारतीतून. बारीक आवाज, मोठे आवाज, एक म्हातारा माणूस रडतोय, सगळे एकच शब्द—

मी माझ्यासाठी लिहिलं होतं. चिमणीची, एवढंच मनात होतं. त्याला मनातलं कुठे कळतं? त्याला शब्द दिला. मी शब्द दिला त्याला.

फळीच्या फटीतून रस्त्याच्या वर साड्या दिसतात, झगे— एक बाई बाळाला दूध पाजत— बाळ हातातून—

डोळे मिटले.

लॅपटॉप टेबलावर. हात पोचत नाही. उडी मारली, छतावरच पडले. पत्रे वाकतायत.

चिमणी खुर्चीवर चढली. मला काल पुसताना, लिहिताना बघत होती. म्हणते, आई रडू नको, मी परत करते सगळं.

नको म्हणून ओरडले. घसा बसला. ऐकत नाही, माझीच पोर.

तिला लिहिता येतात ते दोनच शब्द, आई आणि चिमणी. एक पुसला तिने.

च शोधला. सापडला तिला.

आता वेलांटी. तिला पहिली-दुसरी कळत नाही, कितीदा धपाटा घातलाय मी, नेहमी दुसरीच देते. बोट फिरतंय. माझ्याकडे बघतेय, विचारतेय, आई, कुठली?

दुसरी. दुसरी म्हणून ओरडतेय, आवाज फुटत नाही. दुसरी दे गं राणी, आज चूक, माझी बाय, आज तरी चू—