इंद्रायणीच्या डावातील माझी एक चाल

शुक्रवार पेठ, सोलापूर

श्रीयुत सुबोधराव यांच्या सेवेशी,

यज्ञेश्वराचा आदरपूर्वक नमस्कार. इकडे सर्व क्षेम आहे. तिकडेही असेल असे मी गृहीत धरीत नाही, विचारतो. आपला उजवा गुडघा कसा आहे? साखर आटोक्यात आहे काय? (रक्तातील. कारखान्याची वर्तमानपत्रातून कळते.) सौ. अनसूयेस आशीर्वाद. तिने पाठविलेला मेतकुटाचा डबा पोहोचला, आणि डबा परत करण्याविषयीच्या तिच्या सूचनाही पोहोचल्या.

इंद्रायणीच्या स्पर्धेचे काय झाले, हे आपण व्हॉट्सॲपवर विचारले होते. त्या यंत्रावर निष्कर्ष पाठविता येतो, युक्तिवाद पाठविता येत नाही. म्हणून हे पत्र.

प्रथम वादविषय निश्चित करू. आपल्या कन्येने, म्हणजे माझ्या भाचीने, इथला बुद्धिबळाचा वर्ग बंद करून अकलूजच्या शाळेत क्रीडाशिक्षिकेची कायम जागा स्वीकारावी, हा आपला पक्ष. वर्ग चालू ठेवावा, हा तिचा. अखेर आपणा उभयतांत असे ठरले, की सोलापूरच्या या खुल्या स्पर्धेत ती पहिली आली तर आपण तो विषय पुन्हा काढणार नाही. न आली तर ती सोमवारच्या एस.टी.ने येऊन नोकरीवर रुजू होईल. तटस्थ साक्षीदार म्हणून आपण मला नेमले. (मी तटस्थ नव्हतो. आपल्याच बाजूचा होतो, आणि आपणास ते ठाऊक होते म्हणूनच नेमले.)

स्पर्धेपूर्वी तिचे मन वळविण्याची सूचनाही आपण केली होती. त्यानुसार मी तिच्या वर्गावर गेलो. आमच्याच गल्लीत किराणा दुकानाच्या माडीवर तो भरतो; जिन्यात हिंगाचा वास आणि वर विलक्षण शांतता. मी माझा युक्तिवाद न्यायशास्त्राच्या रीतीने पाचही अवयवांसह मांडला. इंद्रायणीने नोकरी धरावी, ही प्रतिज्ञा. कारण नोकरीने आयुष्य स्थिर होते, हा हेतू. जसे सुबोधराव, हे उदाहरण. आणि पुढचे सर्व. तिने मध्ये न बोलता ऐकले. मग म्हणाली, “छान मांडलंत, मामा. आता माझी बाजू काय आहे, ती तुम्ही सांगा बघू.” मला ती सांगता येईना. तेव्हा कळले, की तिच्या वर्गाचा नियमच हा आहे. समोरच्याने चाल केली की आधी त्याचे म्हणणे काय, ते मोठ्याने सांगायचे. ते नीट सांगता आले तरच आपल्या सोंगटीला हात लावायचा. वळसंगच्या धनगराची नात असो की डॉक्टरांचा अथर्व, सवलत कोणालाही नाही. सुबोधराव, पूर्वपक्ष आधी मांडावा हे मी महाविद्यालयात आयुष्यभर शिकविले. परीक्षेपुरते सगळ्यांनी लिहिले. तसे कोणी वागताना मात्र मी इथे प्रथम पाहिले.

तिची कारकीर्द आपणास ठाऊक आहे, असे आपण म्हणाल. मला ती ठाऊक नव्हती, असे आता मला दिसते. ती राज्यविजेती झाली तेव्हा मी पेढे खाल्ले. ती राष्ट्रीय स्पर्धेसाठी कुठल्या कुठल्या गावी रात्रभर उभ्याने प्रवास करून सकाळी पटावर बसत होती, हे मला चनबसप्पांकडून कळले. मास्टरचा किताब अर्ध्या गुणाने हुकला तेव्हा आपण दोघांनी “संपले एकदाचे” म्हणून सुस्कारा टाकला. ती त्याच आठवड्यात शिकवू लागली होती.

आता हे चनबसप्पा कोण, ते सांगतो. अक्कलकोटकडचे निवृत्त रेल्वे गार्ड. गाडी सुटो, थांबो, चेहऱ्यावरची रेषा हलू न देण्याची नोकरीतली सवय अजून टिकून आहे. शेवटच्या फेरीपूर्वी ते इंद्रायणीच्या अर्धा गुण पुढे होते, आणि गाठ त्या दोघांचीच पडली. डाव बरोबरीत सुटला तरी पहिले तेच. तिला जिंकणेच भाग होते.

येथे माझा प्रवेश होतो. पहिल्या पटावरची पहिली चाल प्रमुख पाहुण्याने करावी, अशी या खेळात प्रथा आहे. ठरलेले पाहुणे आलेच नाहीत. पुढच्या रांगेत कोट घातलेला मी एकटाच होतो; कोट असणे म्हणजे पाहुणा असणे, या सदोष व्याख्येवर विसंबून संयोजकांनी मला उठवून पांढऱ्या सोंगट्यांमागे, म्हणजे इंद्रायणीशेजारी, उभे केले. म्हणाले, “सर, एक चाल करा.”

कोणती, असे मी विचारले. कुठलीही, असे उत्तर आले. कुठलीही चाल करणे म्हणजे अकारण कृती करणे, आणि ते माझ्याने होत नाही. मी विचार करू लागलो. छायाचित्रकाराने कॅमेरा खाली केला. संयोजक कानाशी येऊन म्हणाले, “सर, फोटोपुरतं आहे हो.” वळसंगच्या केराबाई, म्हणजे त्या धनगराच्या नातीची आजी, मेंढरे जावयाच्या हवाली करून सामना बघायला आल्या होत्या. त्या मागून ओरडल्या, “अवो मास्तर, हलवा की कायतरी! बाईचा येळ चाललाय!” मी सिद्धान्त केला, की राजा चहूकडून कोंडलेला असून त्यास वारा लागेल अशी खिडकी हवी, आणि राजाच्या उंटापुढचे प्यादे एक घर पुढे सरकविले. टाळी वाजली नाही. चनबसप्पांच्या चेहऱ्यावरची रेषा हलली.

नंतर कळले, की याहून वाईट पहिली चाल शोधावी लागते. राजासमोरचे दारच मी उघडले होते. अर्थात अशा वेळी पंच सोंगटी मागे ठेवतात आणि खेळाडू आपली चाल करतो. पंचांनी हात पुढे केलाही. इंद्रायणीने तो अडवला. “राहू द्या. मामांनी हात लावला, चाल झाली.” मी दबक्या आवाजात म्हटले, अगं वेडे, मागे घे. ती म्हणाली, “केलेली प्रतिज्ञा मागे घेतली की वाद हरला, हे मला कुणी शिकवलं, मामा?” आणि घड्याळाचे बटण दाबले.

त्यानंतर जे पाहिले, त्याचे वर्णन मला जमणार नाही. तरी कर्तव्य म्हणून करतो. तिचा राजा माझ्यामुळे बेघर झाला होता. तिने त्याला लपविले नाही. तो भर पटावरून चालत निघाला, शहामागून शह खात, एका बाजूकडून दुसरीकडे, आणि प्रत्येक शहानंतर चनबसप्पांजवळ एक सोंगटी तरी चुकीच्या जागी उरू लागली. ती त्यांना पूर्ण बोलू देत होती, आणि त्यांचेच म्हणणे त्यांच्यावर उलटत होते. (माझ्या प्याद्याचा पुढे काही उपयोग झाला असेल, असे आपणास वाटेल. झाला नाही. ते मध्येच मारले गेले, आणि कोणी हळहळलेही नाही.) माझ्या अंगावर काटा आला, सुबोधराव. या वयात तो थंडीनेच येतो, असा माझा समज होता.

शेवटी तिच्याकडे स्पष्ट विजयाचा डाव होता. तेव्हा चनबसप्पांनी आपला उरलेला हत्ती तिच्या राजापुढे मरायला नेऊन ठेवला. तो मारला, तर त्यांच्या राजाला शह नाही आणि हलायला घरही नाही, म्हणजे नियमाने डाव बरोबरीत. न मारला, तर तो हत्ती शह देत मागे लागणार, जन्मभर, म्हणजे तरीही बरोबरीच. इंद्रायणी पटाकडे बघत राहिली. आणि मग, ज्या चालीने तिचा वर्ग बंद होणार होता ती चाल पाहून, ती मनापासून हसली. “वा, काका!” म्हणाली, आणि हत्ती मारला.

चनबसप्पा उठून उभे राहिले. “मी पैला आलो, पण लई लाज वाटायलीय बगा,” एवढेच बोलले. पहिल्या चालीबाबत हरकत घेऊ, असे मी तिला सुचविले. ती म्हणाली, “चाल मी मान्य केली, मामा. आता ती माझीच. सोमवारच्या गाडीचं बघता का तेवढं?”

तात्पर्य, इंद्रायणी पहिली आली नाही. ठरल्याप्रमाणे आपला पक्ष सिद्ध झाला. साक्षीदार म्हणून मी तसे प्रमाणित करतो.

आपला,
यज्ञेश्वर

ता. क. – तिला शब्दातून मोकळे करावे, ही विनंती. ती स्वतः मागणार नाही, आणि तिचा शब्द आपल्याखेरीज कोणी परत करू शकत नाही. हेतू विचाराल, तर माझ्यापाशी नाही. मी फक्त पाहिले. प्रत्यक्ष हे पहिले प्रमाण आहे. बाकीची त्याच्यामागून येतात.

ता. क. दुसरा – अनसूयेने हे पत्र आपल्याआधी फोडले असल्यास उत्तम. अनसूये, तू बोल.

ता. क. तिसरा – वर्गात दोन नवे विद्यार्थी दाखल झाले आहेत, चनबसप्पा आणि मी. गुरू जिथे, विद्यार्थी तिथे, असे आम्ही ठरविले आहे. इंद्रायणी सोमवारी अकलूजला आली, तर आम्ही दोघे मंगळवारी आपल्याकडे मुक्कामास येऊ. केराबाईही नातीला घेऊन येतो म्हणतात, आणि मेंढरांचे विचारले तर नुसत्या हसतात. परिणामाचे भय घालणे हा युक्तिवाद नव्हे, हे मी अनेक पिढ्यांना शिकविले आहे. तरीही कळवितो, की मला दुपारचा चहा दोनदा लागतो आणि चनबसप्पा घोरतात.